गाळलेला मजकूर

बी.ए. होऊन मी गावी परतलो, तेव्हा आमच्या वाडीत सही करणारेसुद्धा चारच होते. ताठा होताच मला, कशाला लपवू? आईची पत्रं तोवर पोस्टमन लिहायचा. मी त्याला म्हटलं, "आता तुम्हाला त्रास नको."

वडील मुंबईला गिरणीत. शिमग्याच्या आधी महिनाभर आईचं कार्ड जायचं आणि ते रजा काढून आगबोटीनं यायचे. त्या वर्षीचं कार्ड मी लिहायला घेतलं. आई सांगू लागली, "लिव, तांबू सांजची बेड्याकडं तोंड करून उभी ऱ्हाते. फणस धरलेत, वरच्याला कोणाचा हात पोचत नाय. चुलीजवळचा पाट मी उचललेला नाय."

गाय अंगणाच्या फाटकाकडे तोंड करते हे कळवायला कार्ड कशाला, असं माझ्या मनात आलं. मी आपलं सुरेख अक्षरात लिहिलं, "आपल्या अनुपस्थितीत गृहकृत्ये सुरळीत चालू आहेत. चिंतेचे कारण नाही."

पंधरवड्यानं उत्तर आलं. वडिलांनी खोलीतल्या सोबत्याकडून लिहवलं होतं : "मजकूर समजला. घरात आमच्यावाचून अडत नाही असे दिसते. शिमग्यास रजा मागत नाही."

मी वाचून दाखवलं. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"तू काय लिवलं होतंस रे?"

माझं वाक्य मला पाठ होतं. म्हणून दाखवलं.

"आन् तांबू?"

"ते गाळलं."

"पाट?"

"तोपण."

"मेल्या, मी सांगितलं ते गाळलंस आन् सांगितलं नाय ते लिवलंस! पोस्टमन चार बुकं शिकलेला, पण एक अक्षर खाल्लं नाय त्यानं कधी."

मला राग आला. म्हटलं, "मग सरळ सांग ना, या म्हणून. गायी-फणसांतनं कशाला?"

"त्या खोलीत पंधरा बाप्ये ऱ्हातात. कार्ड मोठ्यानं वाचतात. त्यांच्या म्होरं बोलू काय मी?" एवढं बोलून तिनं सूप पुन्हा उचललं. पाखडायला त्यात काही उरलं नव्हतं.

मी कॉलेजात इतकं वाचलं, पण आमच्याच घरातलं पत्र मला वाचता येत नव्हतं. पोस्टमनला येत होतं. की त्यालाही येत नव्हतं आणि तो फक्त ऐकेल ते लिहीत होता? तेवढंही पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नवं कार्ड आणलं. "सांग," म्हटलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. भाषा सुधारली नाही. शेवटी आपल्या मनानं एक ओळ घातली, "आधीचे पत्र माझे होते, आईचे नव्हते." घातल्यावर तिला वाचून दाखवली. "ऱ्हाऊ दे," म्हणाली.

उत्तर आलं नाही. शिमग्यातली देवाची पालखी घरोघर फिरायला लागली तरी नाही.

पालखी आमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी ती अंगण सारवत होती. डोक्यावर ट्रंक घेतलेले वडील पाणंदीतून वर आले. ती उठली नाही, फक्त हात थांबला.

"आलाव?"

"आलो."

"ओलं हाय, कडेनं या."

ते कडेनं आले. एवढंच. मुंबईहून आलेल्या माणसाशी असं बोलतात का, म्हणून मी तोंड उघडणार होतो. उघडलं नाही.