कान लावायचा कोपरा

अठरा वर्षं किल्ल्याच्या दरवाजासमोरच्या खानावळीत मावशीच्या हातचं मटण लोक बोटं चाटून खायचे. मग मालकाला हाव सुटली. बायकोला चुलीपुढं उभं करून त्यानं फोटो काढले, ‘आमच्या घराण्याची कृती’ अशी पाटी ठोकली, आणि मटण चोरते म्हणून मावशीला हाकलून दिलं. तेही भर खानावळीत! तिचे व्याही, लेकीचे सासरे, किल्ल्यावर गाइड होते. ते नेमके तिथं चहा पीत बसलेले. त्या दिवसापासून त्यांनी सुनेचं माहेर बंद केलं.

मावशीनं किल्ल्यात झाडू धरला. व्याही रोज समोरून जायचे, मान फिरवून. मावशी दातओठ खायची, आणि झाडायची.

मुघलांनी बांधलेल्या त्या किल्ल्यात एक घुमटाचं दालन होतं. एका कोपऱ्यात पुटपुटलं की समोरच्या कोपऱ्यात भिंतीला कान लावणाऱ्याला शब्द न् शब्द ऐकू येई. किल्ल्याच्या जिवावर जगणाऱ्या मालकाला मात्र याचा पत्ता नव्हता. “दगडं काय बघायची?” म्हणत त्यानं कधी आत पाऊलच टाकलं नव्हतं.

दोन वर्षांनी टाकलं एकदाचं! खानावळींची परीक्षा घेणारी सहा माणसं आली, मटण चाखलं, अर्धं ताटात ठेवलं आणि किल्ला बघायला निघाली. मालक गोड बोलत मागोमाग आत शिरला.

दालनात व्याह्यांनी पाहुण्यांना कोपऱ्यात उभं केलं. कान कसा लावायचा, ते स्वतः लावून दाखवत होते. तेवढ्यात मावशीनं मालकाला समोरच्या कोपऱ्यात गाठलं.

“मालक, एवढंच सांगा. मी चोरलं होतं का हो?”

मालकानं पाहिलं. सगळे लांब, सगळे पाठमोरे. तो हळूच हसला.

“तू कसली चोरतेस! पण नुसती काढली असती, तर शेजारच्या खानावळवाल्यानं तुला लगेच ठेवून घेतलं असतं. चोर म्हटल्यावर कोण चुलीपाशी उभं करणार?”

“आणि ती कृती?”

“तुझीच की. आमच्या हिला भातसुद्धा धड जमत नाही. पण तुझं ऐकतंय कोण?”

“ते बघा, सगळे ऐकतायत,” मावशी म्हणाली.

मालकानं वळून पाहिलं, तर सगळे भिंतीला लावलेले कान काढून त्याच्याकडेच बघत होते. पाहुण्यांतल्या वयस्क बाईंनी वही मिटली. “तरीच! पूर्वीची चव कुठं गेली म्हणत होते मी.” सहाही जण निघाले. मालक हात जोडत त्यांच्यामागे धावला. अस्सा धाव, मेल्या! मावशीचा जीव थंड झाला. पण अर्धाच.

व्याही अजून तिथंच होते. समोर यायचं तोंड नव्हतं. त्यांनी भिंतीला तोंड लावलं, तशी समोर मावशीनं कान लावला.

“विहीणबाई, चुकलो. रविवारी सूनबाईला घेऊन येतो.”

मावशीनं झाडू खाली ठेवला आणि भिंतीशी वाकली.

“तिला येऊ द्या. तुम्ही दाराबाहेर थांबा.”