कोहळ्याला पहिली सुरी

बाबा गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या आढ्याला एक कोहळं टांगलेलं होतं. पावसाळ्यात त्यांनीच गोठ्याच्या छपरावर वेल चढवला होता, त्याचंच ते. अंगाला राख फासल्यासारखं पांढरं. थंडीत बाबा गेले. माणसं येऊन गेली, तेरवी झाली, आणि कोहळं होतं तिथेच राहिलं. आमच्याकडे ते उन्हाळ्यातच खाली उतरतं, किसून लाखोरीच्या डाळीत घालून वड्या करायला.

शाळेला सुट्ट्या लागल्या आणि मी चंद्रपूरहून सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी आले. सोबत पुस्तकांची पिशवी होती. ती शेवटपर्यंत उघडली नाही. नागपूरला राहणाऱ्या माझ्या मोठ्या भावाने तोवर ठरवून टाकलं होतं: पावसाआधी घराला कुलूप लावायचं आणि आईला आपल्या फ्लॅटवर न्यायचं. तो हे फोनवर इतक्या मायेने सांगायचा की भांडताही येत नसे.

"कवेलू कोण फेरणार, आई? कुंपण कोण बांधणार? घरात गडीमाणूस नाई. आता जमते का तुले?"

"काय अडते ते पाहू पयले," आई म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन अंगणात गेली.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी काही अडू दिलं नाही. घरामागच्या सांदवाडीत बाबांचे वाफे कडक झाले होते. आईने ते पुन्हा खणले, भेंडी आणि चवळी लावली, वर धानाची वाळकी तनस, म्हणजे पेंढा, पसरला. न्हाणीचं पाणी मी चर काढून दोडक्याच्या मुळाशी नेलं. बाजारातून बांबू आणून मांडव घातला. तो एका बाजूला झुकला, तर आई म्हणाली, "दोडक्याले काय कळते?" मग कवेलू, म्हणजे छपराची कौलं. वानरांनी उड्या मारून निम्मी फोडली होती. सकाळी ऊन चढायच्या आत मी छपरावर जायची आणि आई शिडीवर उभी राहून एकेक कवेलू हातात द्यायची. वरून पाहिलं की बाबांनी मागच्या वर्षी बसवलेल्या ओळी ओळखू यायच्या, सरळ आणि घट्ट. माझ्या वाकड्या होत्या. मी त्यांच्या ओळींना हात लावला नाही.

गावातली माणसं रस्त्यावरून जाताना थांबायची. "बापाले जाऊन वर्ष नाई झालं, अन् पोरगी छपरावर!" कुणीतरी म्हणायचं. मी उत्तर देणारी मुलगी कधीच नव्हते. मी पुढचं कवेलू मागायची.

भाऊ आईला न्यायला येणार होता, त्याच्या आदल्या संध्याकाळी आईने लाखोरीची डाळ भिजत घातली. शेजारच्या घरातली मोठीआई, म्हणजे बाबांची थोरली वहिनी, नेमकी तेव्हाच आली. तिने पातेल्यात डोकावून पाहिलं.

"वड्या घालून राह्यली? या वर्षी? दुःखाच्या घरी वड्या-पापड करत नाई, माहीत नाई का तुले?"

"माहीत आहे."

"अन् कोहळ्याले सुरी कोण लावणार?"

आईने पातेल्यावर झाकण ठेवलं. या प्रश्नाचं वजन आम्हा तिघींना माहीत होतं. कोहळ्याचा पहिला घाव पुरुषाने घालायचा असतो. बाईने घातला तर तो थोरल्या मुलावर घातल्यासारखा होतो, असं मानतात. दर वर्षी बाबा यायचे, एक घाव घालायचे आणि पुन्हा पेपर वाचायला बसायचे. मग सालं काढणं, किसणं, पिळणं, डाळ वाटणं, उन्हात कंबर वाकवून वड्या टाकणं, सगळं बायकांचं. बाबांवर माझी माया होती आणि आहे. पण त्या एका घावासाठी आम्ही सगळ्या सुरी धुऊन त्यांची वाट पाहत बसायचो, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट दिसलं.

सकाळी भाऊ आला. मोठीआई त्याच्या मागोमाग आलीच.

"बरं झालं तू आला. घे बाबू, लाव सुरी, अन् मग घेऊन जा मायले."

त्याने हात धुतले. आईने कोहळं उतरवून पाटावर ठेवलं होतं. सुरी मात्र तिच्याच हातात होती.

"आज तू आहे," ती त्याला म्हणाली. "पुढच्या वर्षी कोहळं झालं तर कोणाले बोलावू? नागपूरले फोन करू?"

"पुढच्या वर्षी तू माझ्याकडेच राहशील ना, आई."

"बस इथी. समोर बस."

"अवं, पोराच्या जिवावर काऊन उठून राह्यली?" मोठीआई ओरडली.

भाऊ कॉम्प्युटरवर काम करणारा, असल्या गोष्टींवर हसणारा. पण तो बसता बसता आपला पाट थोडा मागे सरकवून बसला. ते आईने पाहिलं, मीही पाहिलं. आईने डोळे मिटले नाहीत. त्याच्याकडेच पाहत तिने सुरी वर घेतली आणि घाव घातला. कोहळं चर्रकन उकललं, आतला पांढरा गर दिसला.

"आहे ना रे तू?" आईने विचारलं.

"आहो," तो म्हणाला. आणि मग आधी तो हसला, मग मी, आणि तोंडाला पदर लावून मोठीआईसुद्धा. बाबा गेल्यानंतर त्या घरातलं ते पहिलं हसू.

आईने त्याच्यापुढे किसणी सरकवली. दुपारपर्यंत तो किसत बसला, बोटं सोलवटली तरी. कुलपाचं नाव त्याने काढलं नाही. आईने बिया वेगळ्या काढल्या, धुतल्या आणि राखेत घोळून सुपात पसरल्या.

"या कायले?" त्याने विचारलं.

"पाऊस पडला का लावतो. गोठ्यावर."

त्याने सुपातली एक बी उचलली. "मग गोठ्याचेही कवेलू फेरून टाकतो," तो म्हणाला. "उद्या नागपूरले जातो मी. एकटाच."

मोरीवर हात धुताना मी आईला हळूच विचारलं, "भेव नाई वाटलं?"

"लय वाटलं," ती म्हणाली. "तोंडचं पाणी पळालं होतं."

अंगणात खाटेवर धोतर पसरून आम्ही वड्या टाकल्या. धोतर बाबांचं होतं. दुःखाच्या वर्षी वड्या करू नये असं सांगणारी मोठीआई काठी घेऊन सावलीत बसली आणि वानरांना शिव्या देत संध्याकाळपर्यंत राखण करत राहिली.