अत्तर लावलेली मखमल

अम्बरीनची जीभ तिखट आणि हट्ट दांडगा. महाडच्या मुश्ताक ट्रकवाल्याची ही लेक २००३ साली बिरवाडीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत लागली, तेव्हा शेजारीपाजारी हसले. "रेडिओच्या लहरी वळवणार म्हणे!" ती म्हणाली, "वळवीन, मग चहा पाजा."

काम सांगायला सोपं. द्रव-स्फटिक तेलासारखा वाहतो, पण त्याचे कण रांगेत उभे राहतात. वीज दिली की ते वळतात आणि त्यातून जाणारी लहर कमीजास्त रेंगाळते. दोन काचांच्या चपट्या डबीत हा द्रव भरायचा; अशा पुष्कळ डब्या शेजारीशेजारी बसवल्या, की लहर हवी तिकडे वळते; छपरावरची डिश हातानं फिरवायला नको, नुसतं बटण फिरवायचं. कण रांगेत यावेत म्हणून डबीच्या काचा आतून मखमलीनं एकाच दिशेनं घासायच्या, एवढंच.

पण लहरीचं रेंगाळणं मोजणाऱ्या मीटरचा काटा ढिम्म हलेना! प्रयोगशाळेचे मंगेशसाहेब वैतागले. "स्फटिकच खराब आहे. उद्या संध्याकाळपर्यंत काटा हलला नाही तर हे काम बंद. मग तू रंगखात्यात."

"स्फटिक चोख आहे, साहेब." ती म्हणाली. या कामावर तिचा जीव होता.

घासलेली काच तिनं डोळ्यांजवळ नेली आणि नाक फेंदारलं. उदाचा वास! मामानं कुवेतहून धाडलेलं अत्तर! मखमल आईनंच दिली होती; ती तडक घरी गेली.

"अम्मी, मखमलीला काय केलंस?"

अमिरुन्निसा शिवणयंत्रावरून उठली. "कोरा कपडा कामाला तसाच नेऊ नाय, गो. बरकत नाय येत. अत्तराचं बोट लावलं."

"अगो, काचेला तेल लागलं! कण रांग सोडून बाजारात हिंडतायत!"

आईचं तोंड उतरलं. "म्हंजे मीच तुझं काम बुडवलं?"

अम्बरीनला गलबलून आलं. एरवी तडतडणारी पोरगी आईच्या गळ्यात पडली. "बुडालंय कुठं? कोरा तुकडा दे."

आईनं आधी साबणानं हात धुतले, मग शिवायला आलेल्या मखमलीची कड कापून दिली.

दुसऱ्या दिवशी नव्या काचा घासून, डबी भरून अम्बरीननं वीज वाढवली. काटा सरकला. वीज कमी केली, तसा मुकाट परत आला. साहेबांनी स्वतः बटण फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "रंगखातं राहू दे."

तिनं घरी फोन लावला. "अम्मी, लहर वळली!"

पलीकडे नुसतं मुसमुसणं. मग हळूच, "आता तरी लावू का गो अत्तर?"

"लाव की, मला लाव. येतेच मी."