काकूंच्या श्वासाची जागा

आज मेथी निवडत बसले होते. मोबाइलवर लेकीनं लावून दिलेल्या गाण्यांत अचानक आमचं ते जर्मन गीत लागलं आणि माझे हात थांबले. ख्रिस्तजन्माचं, चार आवाजांत गायचं, चारेकशे वर्षांपूर्वीचं गीत. मिरजेच्या चर्चमध्ये दर नाताळला आम्ही ते गायचो. जर्मन कुणालाच येत नव्हतं. आमचा गायनवृंद बसवणाऱ्या सरांनी शब्द देवनागरीत लिहून दिले, अर्थ समजावला आणि एक ताकीद दिली, "शेजारणीबरोबर श्वास घ्यायचा नाही. सगळ्या एकदम थांबलात तर सूर तुटतो."

माझ्या शेजारी मार्थाकाकू उभ्या असायच्या. पहिल्याच तालमीत त्या हळूच म्हणाल्या, "त्या लांब ओळीच्या मध्यावर मी श्वास घेईन, तेवढा सूर तू धर. पुढे तू घे. मी आहे."

ऐकणाऱ्यांना ते गाणं अखंड वाटायचं. खरं तर त्यात प्रत्येक जण कुठे ना कुठे थांबलेला असायचा; फक्त तेव्हा शेजारचं कुणीतरी गात असायचं. घरं तरी याहून वेगळी कुठे चालतात?

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मला आता जिना चढतानाही धाप लागते. तरी ती लांब ओळ आली तशी मी मोबाइलबरोबर गुणगुणू लागले. मध्यावर दम संपत आला, पण सूर सोडला नाही. काकूंचा श्वास अजून घेऊन व्हायचा होता.