रेडिएटरमागची भिंत

हायडेलबर्गला आमची भाड्याची जागा तिसऱ्या मजल्यावर होती. एक मोठी खोली, तिला लागून दोन माणसं उभी राहिली की भरून जाणारं स्वयंपाकघर, आणि न्हाणीघर अर्धा जिना उतरून. हे विद्यापीठात रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते. लग्नानंतर आठ महिन्यांनी मी बोटीनं त्यांच्यापाठोपाठ गेले. साठचं दशक नुकतंच लागलं होतं.

घरमालकीणबाई तळमजल्यावर एकट्या राहायच्या. वय पासष्टीच्या आसपास, केस घट्ट मागे बांधलेले, चाल अशी की जिन्यावरचा पाय कोणाचा हे ऐकूनच कळावं. आमच्यात बोलणं म्हणजे सकाळी 'गुटेन मॉर्गन' आणि संध्याकाळी 'गुटेन आबेंड'. एकदा मी लसणाची फोडणी केली तेव्हा त्यांनी दाराखालून चिठ्ठी सरकवली होती, खिडकी उघडत जा म्हणून. तेव्हापासून मी फोडणीसुद्धा दबकत दबकत करायची.

तळघरात मोठा बॉयलर होता. बाई रोज सकाळी त्यात कोळसा घालायच्या आणि गरम पाणी नळांतून वर आमच्या खिडकीखालच्या लोखंडी रेडिएटरमध्ये यायचं. थंडीत कपडे वाळवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मी ते त्या रेडिएटरवर टाकायची. एका मंगळवारी मी नवी डाळिंबी काठाची साडी धुतली. नवी साडी आधी मिठाच्या पाण्यात बुडवायची, हे आईनं शंभरदा सांगितलं होतं. मी विसरले. साडीची घडी घालून रेडिएटरवर टाकली, तिचं ओलं टोक मागे सरकलं आणि दिवसभर भिंतीला चिकटून राहिलं. संध्याकाळी साडी ओढून काढली तर मागे दोन हात लांबीचा लालभडक पट्टा!

हे घरी आल्या आल्या मी सांगितलं, "अहो, भिंत लाल झालीय."

"कुठली?"

"रेडिएटरच्या मागची."

यांनी वाकून पाहिलं. "एवढंच ना? तिथं कोण बघायला जातंय!"

"शनिवारी त्या हवा काढायला येणार ना?"

आता मात्र हे पुन्हा वाकून भिंत पाहायला लागले. महिन्यातून एका शनिवारी बाई छोटी किल्ली घेऊन वर यायच्या आणि रेडिएटरमध्ये अडकलेली हवा सोडायच्या. किल्ली लावायची जागा नेमकी भिंतीच्या बाजूला होती, आणि बाई चष्मा लावून यायच्या.

रंग द्यायचा ठरला. भिंत सायीच्या रंगाची होती. पांढऱ्यात चिमूटभर हळद घातली तर जमेल, असं मला वाटलं. हे हसले. "अगं, रंगात चुना असला तर कुंकू होईल त्याचं. मग सगळीच भिंत लाल!" हळद उगाच वाया घालवायला नको म्हणून मीही तो नाद सोडला. घरून पार्सलनं आलेली हळद होती ती.

गुरुवारी मी एकटीच दुकानात गेले. रेडिएटर म्हणजे 'हायझुंग' एवढं मला ठाऊक होतं. ते म्हटलं आणि हातानं भिंत रंगवून दाखवली. दुकानदारानं भुकटीचा पांढरा रंग दिला आणि लांब दांड्याचा, टोकाशी मान वाकडी केलेला एक ब्रश काढून दिला. असा ब्रश मी जन्मात पाहिला नव्हता. रेडिएटरच्या मागे घालायलाच तो बनवतात हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. म्हणजे इतरांच्याही भिंती तिथं खराब होत असणार!

घरी येऊन रंग कालवला आणि जमिनीवर आडवी होऊन ब्रश मागे घातला. पहिला हात मारला. रंग बसला, पण तापलेल्या रेडिएटरमुळे लगेच सुकला आणि दुसऱ्या हाताबरोबर पोपडा होऊन निघाला. खालचा जुना रंगही त्याच्याबरोबर आला. मी आणखी दिला, आणखी निघाला. लाल, पांढरं आणि सिमेंटचं राखाडी, असे तीन रंग दिसायला लागले. मग रेडिएटर थंड करावा म्हणून मी त्याचं पाणी बंद करायची चकती जोरात फिरवली. भिंतीतल्या नळानं असा दणका दिला की सबंध घर हललं.

जिन्यावर पावलं वाजली. मी उठून उभी राहीपर्यंत बाई दारात. माझे हात कोपरापर्यंत पांढरे, आणि ब्रश मी शाळकरी मुलीसारखा पाठीमागे लपवलेला.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

मला सगळं सांगायचं होतं, पण जवळ शब्द तीनच. "सारी. वासर. रोट," मी म्हटलं. साडी, पाणी, लाल. आणि रडू आलं.

बाईंनी चष्मा लावला, गुडघे टेकले आणि भिंतीला गाल लावून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठल्या, "आल्झो," म्हणजे 'असं तर', एवढंच म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या. आता सामान बांधावं लागणार, असंच मला वाटलं.

त्या परत आल्या त्या अ‍ॅप्रन बांधून. हातात बादली आणि काठीला गुंडाळलेलं फडकं. तळघरातल्या बॉयलरची हवा बंद करून आल्या होत्या. बोटानं भिंत घासून त्यांनी मला बोटाला लागलेली पांढरी भुकटी दाखवली, मग फडकं दाखवलं. आधी धुवायचं. जुना रंग पाण्यानं उतरवायचा, भिंत सुकू द्यायची आणि मगच नवा. हे त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं आणि माझ्याकडून म्हणवून घेतलं. इतकं जर्मन मी त्याआधी कधी सलग बोलले नव्हते.

त्या डावीकडून आणि मी उजवीकडून, अशा आम्ही भिंत धुवायला लागलो. लाल पाणी ओघळायला लागलं की त्या "या, या, या" म्हणायच्या, म्हणजे हो, हो, हो, आणि मीही म्हणायची.

पाच वाजता हे आले. दार उघडलं तर बायको आणि घरमालकीण दोघी जमिनीवर आडव्या. यांचा चेहरा उतरला. "काय झालं? पडलात का दोघी?"

बाईंनी पडल्या पडल्याच यांना कोट काढायला सांगितलं आणि रंग ढवळायला बसवलं. त्यांनी घरातली पिवळ्या मातीची पुडी आणली होती. हे म्हणाले, पत्रं तोलायचा काटा आणतो, प्रमाण नीट घेतलं पाहिजे. बाईंनी पुडी यांच्या हातातून घेतली, डोळ्यांच्या अंदाजानं रंगात झटकली आणि म्हणाल्या, "गेनाऊ." अगदी बरोबर. रंग खरोखरच सायीचा झाला होता. डॉक्टर होऊ घातलेल्या रसायनशास्त्रज्ञानं मुकाट्यानं ढवळलं.

भिंत सुकेपर्यंत घर गार पडलं. बाईंच्या स्वयंपाकघरात मात्र वेगळी शेगडी होती, म्हणून त्यांनी आम्हाला खाली बोलावलं. तिथं राहायला लागल्यापासूनच्या आठ महिन्यांत आम्ही त्या दाराच्या आत प्रथमच पाऊल टाकलं. त्यांनी कॉफी दिली आणि सांगायला लागल्या. हे मला मराठीत सांगत होते.

घरात रेडिएटर बसवले तेव्हा नवरा हयात होता. कारागीर घाईत होते. त्यांनी भिंतीला पुरता रंग न देताच वरच्या खोलीतला रेडिएटर लावून टाकला. मागची भिंत आधी नीट करून घ्या, असं बाई परोपरीनं म्हणाल्या. नवऱ्यानं ऐकलं नाही. "तो म्हणाला, तिथं कोण बघायला जातंय?"

हे वाक्य मराठीत सांगताना यांची जीभ अडखळली. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी कपात पाहिलं.

पुढच्याच हिवाळ्यात ते गृहस्थ गेले. त्यानंतर दर महिन्याला किल्ली घेऊन वर गेलं की बाईंना ती अर्धवट भिंत दिसायची आणि नवऱ्यावरचा राग पुन्हा ताजा व्हायचा. आणि गेलेल्या माणसावर रागावले म्हणून पुन्हा वाईटही वाटायचं. "बरं झालं तुमची साडी ओली होती," त्या मला म्हणाल्या. एवढं मात्र यांनी मराठीत सांगायच्या आतच मला कळलं.

नवा रंग आम्ही दोघींनी मिळून दिला. बाजूंकडून मी वाकड्या ब्रशनं, आणि वरच्या फटीतून बाई काठीला बांधलेल्या स्पंजनं. शनिवारी त्या किल्ली घेऊन आल्या, हवा सोडली, बॅटरी लावून मागे पाहिलं आणि माझ्या दंडावर थोपटलं.

रविवारी दुपारी त्यांनी आम्हाला केक खायला बोलावलं. मी तोवर कधी अंडं खाल्लं नव्हतं. यांनी हळूच कानात सांगितलं, "विचारून घे." मी धीर करून जर्मनमध्ये विचारलं, यात अंडी आहेत का? बाईंनी मोठ्या अभिमानानं सहा बोटं वर केली. आमच्या पाहुणचारासाठी एवढी अंडी घातल्याचा आनंद मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. केक तोंडात घातला. फार छान होता. मी आणखी एक तुकडा मागून घेतला, आणि हे खिडकीबाहेर नेकार नदीच्या पाण्याकडे पाहत बसले, जणू माझं अंडं खाणं यांना दिसलंच नव्हतं.