सुजलेली दाढ

दादाच्या हिरड्यांतून रक्त येतं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. माहीत असून कोणी काही केलं नाही, कारण तो करू देत नव्हता. अमरावतीच्या फुलबाजारात त्याचं शेवंती-झेंडूचं दुकान. गिऱ्हाइकाशी बोलताना तो तोंडासमोर हात धरायचा, वास जाऊ नये म्हणून. भाकरी वरणात पार मऊ झाल्याशिवाय त्याला चावता येत नसे. दिवसातून दोनदा तंबाखूची मिस्री घासणं मात्र चुकलं नाही.

मी अकोल्याला प्राथमिक शाळेत शिकवते. सुट्टीत गेले की म्हणायचे, "दादा, दातांच्या डॉक्टरकडे चल नं एकदा."

"कायले? रक्त काय आज येऊन राहिलं? दहा वर्सं झाले. दातानं कोणी मरत नाही, बाई."

हळूहळू मीही म्हणायचं सोडलं. तेच तेच बोलून माणूस थकतो.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी मी त्याच्याकडेच होते. सकाळी सातच्या सुमारास वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली, "बाई, या तं इकडे. यायचं तोंड पाहा."

दादा चहा घेऊन बसला होता. ओठाची उजवी बाजू खाली ओघळली होती आणि तिथून चहा गळत होता. चार दिवसांपासून त्याच बाजूची हिरडी सुजली होती, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. मी म्हणाले, "दाढ सुजली असेल. मिठाचं पाणी करा."

मीच पाणी कोमट करून दिलं. त्याला गुळणी धरता येईना, सगळं पाणी सदऱ्यावर सांडलं. काही बोलला ते जडजड, तोंडात कापूस कोंबल्यासारखं. "दुखते का?" विचारलं तर नुसती मान हलवली. त्याच्या मानेचा अर्थ मी 'हो' असा घेतला. लवंगेचं तेल लावलं, दुखणं थांबायची गोळी दिली आणि त्याला निजवलं. दहाच्या पुढे, सूज उतरत नाही असं पाहून, डॉक्टर शोधायला लागले. रविवार असल्यामुळे दोन दवाखाने बंद निघाले. तिसरा उघडा सापडेपर्यंत बारा वाजत आले. ऑटोतून उतरताना त्याचा पाय ओढत होता. उपाशी आहे, अशक्तपणा असेल, असं मी वहिनीला सांगितलं. शिकलेली मीच होते ना, तिनं माझं ऐकलं.

दातांची डॉक्टर माझी जुनी विद्यार्थिनी असावी अशा वयाची. तिनं खुर्चीचा दिवासुद्धा लावला नाही.

"काका, दोन्ही हात वर करा."

डावा वर गेला. उजवा मांडीवरून जरासा उचलला आणि पडला.

"हे केव्हापासून आहे?"

"सकाळपासून," मी म्हणाले. "दाढ सुजली म्हणून..."

"मॅडम, हे दाढेचं नाही. हा लकवा आहे. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या." तिनंच फोन करून गाडी बोलावली.

मोठ्या दवाखान्यात पहिला प्रश्न तोच, सुरू कधी झालं? मी सात सांगितलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं, ती वेळ निघून गेली होती. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

आठवड्यानं मी त्यांना हिरड्यांबद्दल विचारलं. ते म्हणाले, "दोन्ही आजार एकाच माणसात बरेचदा दिसतात. हिरड्यांतली जुनी सूज रक्तवाहिन्यांनाही त्रास देत असावी, असं मानतात. पण यांचं बीपी वाढलेलं होतं, तंबाखू होता. एकावरच बोट ठेवता येणार नाही."

बाहेर आल्यावर वहिनीनं विचारलं, "म्हंजे बाई, आपण दात पाहिले असते तं हे झालं नसतं का?"

मी तिच्या हातातली चिठ्ठी घेऊन औषधं आणायला गेले.

पुढं सहा-सात महिने दर शनिवारी शाळा सुटली की मी अमरावतीची बस धरायची आणि रविवारी संध्याकाळी परत. वहिनीला दुकान पाहावं लागे, म्हणून तेवढा वेळ दादाचं सगळं मी करायचे. उजव्या गालात घास अडकून राहायचा, त्याला कळायचं नाही. बोटाला ओलं फडकं गुंडाळून मी तो काढायचे, मग मऊ ब्रशनं दात घासून द्यायचे. तो तोंड फिरवायचा. एकदा मी शाळेत ओरडते तशी ओरडले, "उघड म्हटलं नं तोंड!" त्यानं तोंड उघडलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ब्रश तसाच चालवत राहिले. थांबले असते तर मलाही रडू आलं असतं, आणि बस चुकली असती.

रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू होत्या, म्हणून दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलल्यावरच, बऱ्याच दिवसांनी, त्याच दातांच्या डॉक्टरनं थोड्या थोड्या बैठकांत हिरड्या साफ केल्या. दोन दाढा काढल्या. रक्त थांबलं. पाय बराचसा सुधारला, बोलणं समजण्यासारखं झालं. उजव्या हातात मात्र ताकद आली नाही.

उन्हाळ्यात एका रविवारी निघताना तो सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाला, "बाई, दर शनवारी... नको येऊ. थकून राहिली तू."

"नाही थकली," मी म्हणाले.

पुढच्या शनिवारी शाळेतून घरी आले आणि पिशवी भरायच्या आधीच पलंगावर आडवी झाले. फोन वाजला तेव्हा ऊन कललं होतं. वहिनी सांगत होती, "आज यायनं डाव्या हातानं घासले दात. अर्धी पेस्ट सदऱ्यावर सांडली, पण घासले."

"बरं झालं," मी म्हणाले. तिनं मी का आले नाही ते विचारलं नाही. फोन ठेवला आणि पुन्हा डोळे मिटले.