मदतनीस नव्हे, कैदी

हाताची घडी घालून उभा असलेला माणूस दिसला की ओपांचं डोकं फिरायचं. नुसता उभा असेल तर नव्हे. दुसरा कोणी राबतोय आणि हा बघतोय, असं दिसलं की. दोन हजार तीन साली मी पीएचडीसाठी जर्मनीत येनाला आले, त्या पहिल्याच दिवशी मला याचा अनुभव आला. लिफ्ट बंद, माझ्या दोन जड बॅगा आणि घर चौथ्या मजल्यावर. इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर जिन्याशी हाताची घडी घालून मला न्याहाळत होता. तेवढ्यात वरून एक म्हातारा काठी आपटत खाली आला आणि त्याच्यावर गरजला, "हात शिवून टाकलेत का तुझे? उचल ती बॅग!" हाउसमाइस्टरने मुकाट्याने उचलली.

हा चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा माझा शेजारी निघाला. जर्मनमध्ये आजोबांना ओपा म्हणतात. आठवडाभरात मीही त्यांना ओपाच म्हणू लागले. इमारतीतले बाकीचे मात्र त्यांना 'तो पोलिश' म्हणत. साठाहून अधिक वर्षं याच देशात काढलेला, इथल्याच बाईशी संसार केलेला, भिंगांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, आणि अजून 'तो पोलिश'! माझा संताप व्हायचा. ओपा म्हणायचे, "म्हणू दे पोरी. ते निदान खरं आहे. मला राग खोट्याचा येतो."

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीसमोर ट्रामचे रूळ बदलायचं काम निघालं. ओपा रोज पाण्याच्या बाटल्या घेऊन खाली जायचे, कामगारांना "जेवलास का?" म्हणून विचारायचे आणि मग मुकादमासमोर जाऊन उभे राहायचे. "रूळ उचलायला किती माणसं लागतात?" मुकादम हसून म्हणाला, "आजोबा, आता क्रेन असते." "आणि क्रेन बिघडली की?" मुकादमाने खांदे उडवले. ओपांनी रस्त्यावरच्या लोखंडी कठड्यावर अशी काठी हाणली की तिचं टोक फुटलं. मी त्यांना धरून वर आणलं.

कॉफी पिताना मी विचारलं, "तुम्ही रेल्वेत होता का?"

"रेल्वेत नाही. रेल्वेखाली होतो," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा सगळं सांगितलं.

विशीत होते ते. पोलिश सैन्यात भरती होऊन काही महिनेच झालेले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्याच महिन्यात जर्मनांकडून पकडले गेले. आधी एका शेतावर जुंपलं, मग रेल्वेवर. रुळांखालचे लाकडी स्लीपर वाहायचे, खडी ठोकायची, बॉम्ब पडून उखडलेले रूळ पुन्हा बसवायचे. सकाळी पातळ सूप, संध्याकाळी पावाचा तुकडा. मध्येच कधीतरी एका कागदावर सही घेतली आणि कैद्यांचे 'कामगार' करून टाकले. काम तेच, तारेचं कुंपण तेच, मार तोच. त्यांच्याच गावचा स्टाशेक नावाचा मित्र बरोबर होता. भूक लागली की तो आईच्या हातच्या पदार्थांची नावं घेत बसे आणि सगळ्यांच्या शिव्या खाई.

हिवाळ्यात एक दिवस रूळ हलवायचा होता. वीस जणांनी उचलायचा रूळ, आणि उभे होते तेरा. स्टाशेकने पहारेकऱ्याला सांगितलं, "माणसं कमी आहेत." पहारेकरी हाताची घडी घालून उभा होता. तो म्हणाला, "उचला." बर्फावर कोणाचा तरी पाय सरकला आणि रूळ स्टाशेकच्या छातीवर आला. "त्याला मरायला अर्धा तास लागला," ओपा म्हणाले. "आम्हाला त्याच्याजवळ बसूही दिलं नाही. त्याच्या शेजारून खडी वाहत होतो." संध्याकाळी रुळाच्या कडेलाच त्याला पुरलं. खूण ठेवू दिली नाही. युद्ध संपल्यावर ओपा ती जागा शोधत आठ दिवस फिरले. ती सापडली नाही. त्यांचं गाव तोवर दुसऱ्या देशात गेलेलं, घरचं कोणी उरलेलं नाही. म्हणून ते इथेच राहिले.

नंतर एके दिवशी ते वर्तमानपत्राचा तुकडा हातात घेऊन माझ्या दारात उभे राहिले. बसने तासाभरावरच्या एका छोट्या गावात ते ज्यावर राबले होते त्याच जुन्या रेल्वेमार्गाचं प्रदर्शन भरलं होतं. आम्ही दोघं गेलो. इंजिनं, टोप्या, घड्याळं, शिट्ट्या. पोरंबाळं कौतुकाने बघत होती. कोपऱ्यात एक फोटो होता. फावडी घेतलेल्या माणसांची रांग, आणि खाली ओळ: 'रेल्वेचे परदेशी मदतनीस'. ओपांनी काचेवर बोट ठेवलं. "डावीकडून दुसरा. स्टाशेक."

मी त्या चेहऱ्याकडे बघतच राहिले. कान मोठे, टोपी कपाळावर आलेली. चेहऱ्यावरून पोरसवदाच वाटत होता.

प्रदर्शन भरवणारे गृहस्थ सभ्य होते. अशा सभ्यपणाचा मला आजही तिटकारा येतो. ओपांनी त्यांना सांगितलं, "हे मदतनीस नव्हते. मदत करणारा संध्याकाळी घरी जातो. हे कैदी होते. हा इथेच मेला. त्याचं नाव लिहा."

"हे बघा," गृहस्थ म्हणाले, "फार जुनी गोष्ट आहे. आमच्याकडच्या कागदांत 'कामगार' असंच आहे. आम्हाला कोणाची बाजू घ्यायची नाही."

"सही घेताना बंदूक कुठे धरली होती, तेही कागदात आहे का?"

गृहस्थांनी घड्याळाकडे पाहिलं.

ओपांचा हात थरथरायचा, म्हणून त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. प्रदर्शनवाल्यांना तीन पत्रं पाठवली. दोन पत्रांना उत्तर नाही. तिसऱ्याला दोन ओळी आल्या: पुरावा जोडावा. पुरावा! जो पुरावा त्यांच्याच लोकांनी खूण न ठेवता पुरला होता, तो या म्हाताऱ्याने आणून द्यायचा! दुसऱ्या दिवशी ओपा मला न सांगता प्रदर्शनात एकटेच गेले, फोटोखालची ती ओळ सुताराच्या जाड पेन्सिलीने खोडली आणि खाली लिहिलं: 'कैदी. डावीकडून दुसरा स्टाशेक, वय एकवीस. याच मार्गावर मारला गेला.'

पोलिसांत तक्रार झाली. दोन दिवसांत तीच जुनी ओळ नव्याने छापून लागलीसुद्धा. एवढी तत्परता! लेखी माफी मागितली तर तक्रार मागे घेऊ, असं प्रदर्शनवाल्यांनी कळवलं. "तुझ्या चांगल्या जर्मनमध्ये लिही," ओपा म्हणाले, "की मी माफी मागत नाही." मी तेवढंच एक वाक्य लिहिलं. आयुष्यात इतक्या आनंदाने मी काहीच लिहिलेलं नाही.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ते हृदयविकाराने हॉस्पिटलात गेले आणि पाचव्या दिवशी वारले. आदल्या दुपारी मी त्यांच्याजवळ होते. शेजारच्या पलंगावरच्या माणसाला पाणी हवं होतं आणि नर्स येत नव्हती, म्हणून ते माझ्यावरच खेकसले, "बसलीस काय? ऊठ!" ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

अंत्यविधीला आम्ही नऊ जण होतो. त्यांची मुलगी फ्रँकफर्टहून आली होती. भाषण करायला एक गृहस्थ ठरवले होते, ते मंद सुरात म्हणाले, "तरुणपणी ते जर्मनीत आले आणि रेल्वेच्या उभारणीत त्यांनी हातभार लावला."

मी उठून उभी राहिले. परक्यांच्या दुःखात असं मध्ये बोलायचं नसतं, हे मला कळत होतं. "आले नाहीत," मी म्हणाले. "त्यांना आणलं. हातभार लावला नाही. त्यांच्याकडून वेठ करून घेतली."

सगळे वळून बघू लागले. मुलगी पांढरीफटक पडली होती. मला वाटलं, ती मला बाहेर काढेल. पण ती म्हणाली, "पपा मला कधी काहीच बोलले नाहीत. तुम्हाला माहीत असेल तर सांगा." मग मी तिथेच, अडखळत, जर्मनमध्ये, स्टाशेकपर्यंत सगळं सांगितलं. बोलताना मला रडू आलं नाही. नुसता राग येत होता.

घरी आल्यावर मी नागपूरला बाबांना फोन लावला. अंत्यविधीत बोलताना जर्मनमध्ये नेमका शब्द सुचेना म्हणून 'वेठ' हा आपला शब्द मी मनात धरून तो त्यांच्या भाषेत कसाबसा पोचवला होता. तेव्हापासून तो डोक्यातून जात नव्हता. आमच्या घरात तो लहानपणी एकदाच कानावर आला होता आणि आजीने विषय बदलला होता.

"बाबा, आपले आजोबा गावात वेठीला जायचे ना? काय करायला लावायचे त्यांना? कोण लावायचं?"

"आज हे काय मध्येच?" बाबा म्हणाले. "कोणी काही बोललं का तुला?"

"कोणीच कधी बोललं नाही, म्हणून विचारतेय."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "लिहून घे. नावासकट सांगतो."